चारचाकीचे ब्रेक : ऑइल, पेडल, ड्रम आणि घाटातला उतार

घाटपायथा (धागाकर्ता)

चारचाकीच्या देखभालीबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक इंजिन ऑइल, मायलेज आणि टायर यांच्याभोवती फिरते. ब्रेकचा विषय निघालाच तर तो पॅड बदलण्यापाशी संपतो. माझे म्हणणे असे आहे की पॅडची काळजी सहसा कोणीतरी घेतेच, कारण ते झिजले की आवाज करतात. दुर्लक्ष होते ते ब्रेक ऑइल, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना, चाकाजवळचे रबरी होज (नळ्या) आणि मागचे ड्रम यांच्याकडे. हे भाग बिघडत असतानाही शहरातल्या वेगात गाडी नीट थांबत राहते, आणि मालकाला वाटते की ब्रेक उत्तम आहेत. पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी तबकडी, तिला पॅड पकडतात), मागे ड्रम (चाकासोबत फिरणारा डबा, त्याला आतून शू घासतात) आणि मदतीला पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या साध्या हॅचबॅक व सेदान गाड्या डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे. इतर वाहनांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात ऑइलपासून करतो. ब्रेक ऑइल हे ग्लायकॉल ईथर वर्गातले द्रव असते आणि ते हवेतला ओलावा शोषून घेते. टाकीच्या झाकणाला असलेल्या बारीक छिद्रातून आणि रबरी होजच्या भिंतींतूनही ओलावा आत शिरतो, त्यामुळे गाडी चालवली नाही तरी ऑइल जुने होतच राहते. ताज्या डॉट ३ (डॉट हा ब्रेक ऑइलचा वर्ग) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा, असे मानक आहे. तेच ऑइल ३.७ टक्के पाणी धरून बसले की या मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येतात. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षे तेच ऑइल घेऊन फिरणारी गाडी रोज बाजारात जाऊन येते तोवर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. तो लक्षात येतो घाटात.

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तिथून सावंतवाडीकडे येताना गाडी साधारण पावणेसहाशे मीटर खाली उतरते. माणसे आणि सामान धरून १,२०० किलो वजनाची गाडी सहाशे मीटर उतरली की सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचे चोवीस लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा आणि टायरचा रोध यातला काही वाटा उचलतात, आणि गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर इंजिनही बराच मोठा वाटा उचलते. पण चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, किंवा त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रलमध्ये, पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याच्या बाबतीत उरलेला सगळा भार दोन डिस्क आणि दोन ड्रम यांच्यावरच पडतो. तिथली उष्णता पॅडमधून त्याला ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि पिस्टनमधून ऑइलकडे जाते. ऑइल कॅलिपरमध्ये उकळले की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पेडल तळाला टेकते.

यातली खरी अडचण नंतर सुरू होते. गाडी बाजूला घेऊन अर्धा-पाऊण तास थांबले की वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पेडल पूर्ववत कडक लागते. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली की मिस्त्री पेडल दाबून पाहतो, एक चक्कर मारून येतो आणि ‘काही प्रॉब्लेम नाही’ असे सांगतो. त्याच्या दृष्टीने ते खरेच असते. अशा वेळी मालकाने स्वतःहून ऑइल बदलायला सांगावे.

घाटात ब्रेक कमी लागण्याचा दुसरा एक प्रकार आहे आणि तो वेगळा ओळखता आला पाहिजे. त्यात पेडल नेहमीइतकेच कडक आणि उंच राहते, पण कितीही जोर दिला तरी गाडी मंदावत नाही. तिथे ऑइलचा दोष नसून पॅड किंवा शू इतके तापलेले असतात की त्यांचे घर्षणच कमी झालेले असते. हलक्या दर्जाच्या पॅडमध्ये हे लवकर होते. दोन्ही प्रकारांत जळका वास येतो, म्हणून वासावर न जाता पेडलवर लक्ष द्यावे.

पेडल बरेच काही सांगते आणि तक्रार नीट सांगितली तर गॅरेजमध्ये भाग बदलत बसण्याचा खर्च वाचतो. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल आणि दोन-तीन वेळा पंप केल्यावर वर येत असेल, तर एक शक्यता पाइपमध्ये हवा असण्याची आणि दुसरी मागच्या शू व ड्रममधले अंतर वाढल्याची असते. यांतला फरक ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे : गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मग पेडल दाबावे. हँडब्रेकमुळे मागचे शू ड्रमजवळ सरकलेले असतात. म्हणून पेडल आता चांगले उंचावर लागले तर दोष मागच्या अॅडजस्टरचा (शू व ड्रममधले अंतर राखणाऱ्या भागाचा) आहे, आणि तसेच मऊ राहिले तर हवा शोधावी. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलमध्ये दाब तयार करणाऱ्या भागाच्या) आतल्या रबरी वॉशरवरून ऑइल मागे सटकत आहे असे समजावे. पेडल दगडासारखे कडक झाले असेल तर बूस्टरकडे पाहावे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे; त्या क्षणी पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करत आहे. गेले नाही तर बूस्टर बदलण्याआधी त्याला येणारा व्हॅक्यूमचा होज आणि त्यातला एकदिशा व्हॉल्व्ह तपासून घ्यावा, कारण ते भाग स्वस्त आहेत आणि बूस्टर महाग. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने तयार होतो, तेव्हा तिथे पंपही तपासावा लागतो.

आपापले अनुभव आणि प्रश्न लिहावेत. चुकीचे काही लिहिले असेल तर जरूर दाखवून द्यावे.


नदीकाठ

फार उपयुक्त धागा. माझा प्रश्न साधा आहे. माझ्या गॅरेजवाल्याचे म्हणणे असे की ऑइलचा रंग अजून पिवळसर आहे, तेव्हा ते बदलण्याची गरज नाही. रंगावरून ठरवता येते का? बाजारात पेनासारखे एक टेस्टर मिळते, त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा?


घाटपायथा

रंग काळपट झाला असेल तर ऑइल बदलावे हे बरोबर आहे, पण रंग स्वच्छ आहे म्हणून ऑइल चांगले आहे असे उलट म्हणता येत नाही. पाण्याला रंग नसतो. पेनासारखे टेस्टर द्रवाची विद्युतवाहकता मोजून ओलाव्याचा अंदाज देते. फारच खराब ऑइल ते दाखवून देईल, परंतु सीमेवरच्या ऑइलबाबत त्याचा निवाडा अंतिम मानू नये. शिवाय आपण मोजतो ते टाकीतले ऑइल. उकळणार असते ते कॅलिपरमधले. बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकेत दोन वर्षांच्या आसपासचा कालावधी दिलेला असतो, तो पाळावा आणि टेस्टरचा विचार सोडून द्यावा, असे माझे मत आहे. ऑइलची किंमत गाडीच्या इतर खर्चापुढे किरकोळ आहे.

टाकीतली पातळी कमी झाली की लगेच वरून भरण्याची सवयही सोडावी. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला ऑइल खाली उतरते, म्हणून पातळी सावकाश घटणे हे पॅड झिजल्याचे लक्षण असू शकते. तशी टाकी काठोकाठ भरून ठेवली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला जातो तेव्हा ऑइल बाहेर सांडते आणि रंगाचे वाटोळे करते. पातळी अचानक घटली असेल तर मात्र गळती शोधल्याशिवाय गाडी हलवू नये.


पानेवाला

मी वर्कशॉपमध्ये काम करतो, म्हणून प्रत्यक्ष हाताने करायच्या कामाबद्दल लिहितो. धागाकर्त्यांनी ज्या पिनांचा उल्लेख केला आहे त्यांच्यावर कॅलिपर सरकतो. या पिना सुकल्या किंवा गंजल्या की कॅलिपर एका जागी अडकतो आणि एका बाजूचा पॅड भराभर झिजतो. एकाच चाकाचे दोन पॅड काढून शेजारी ठेवले आणि एक निम्म्यावर, दुसरा जवळजवळ नवा असे दिसले, तर नुसते नवे पॅड टाकून गाडी परत देणारा माणूस अर्धेच काम करत आहे. पिना काढून, पुसून, त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावायचे असते. साधे पिवळे ग्रीस लावू नये, त्याने पिनांवरचे रबरी बूट फुगतात आणि पिना आणखी अडकतात. काही गाड्यांत दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी बुश असते. त्या वरखाली अदलाबदल करून बसवल्या जाणार नाहीत हे पाहावे. कॅलिपर उघडल्यावर तो होजवर लोंबकळत सोडणे ही तर रोज दिसणारी गोष्ट आहे. तारेच्या तुकड्याने तो स्प्रिंगला बांधायला कितीसा वेळ लागतो?

रबराचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल पडले, तर थोडेसेच आहे म्हणून सोडून देता येत नाही. खनिज तेलाने ब्रेकमधली सगळी रबरे फुगतात. टाकीच्या झाकणातला रबरी डायफ्राम ताणून वेडावाकडा झालेला दिसला की ही शंका घ्यावी. ते तेल मास्टर सिलिंडरच्या पुढे गेले असेल तर मास्टर, कॅलिपर, व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारे) आणि होज या सर्वांची रबरे बदलावी लागतात, पाइप धुऊन काढावे लागतात, आणि एबीएसचा (जोराच्या ब्रेकला चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) ब्लॉक असेल तर तोही संशयात येतो. त्याच कारणाने ब्रेकचे भाग डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नयेत.

एक चाक जास्त तापत असेल, म्हणजेच ब्रेक सुटत नसेल, तर दोष शोधण्याचा क्रम असा असतो. चाक जॅकवर उचलावे, कोणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. अडकले असेल तर ब्लीडर निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) थोडा सैल करावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडला होता असे ठरले. मोकळे झाले नाही तर पिस्टन किंवा पिना जाम आहेत. दाब कोंडला असेल तर पुन्हा पेडल दाबून चाक अडकवावे आणि या वेळी होजच्या अलीकडचा लोखंडी पाइपचा जोड सैल करावा. आता चाक मोकळे झाले तर दोष वर, मास्टर सिलिंडरच्या बाजूला आहे. नाही झाले तर होज आतून सुजला आहे. असा होज बाहेरून नवा दिसतो, आणि म्हणूनच त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. जोरात पेडल दाबल्यावर ऑइल त्यातून पुढे जाते, पण पिस्टनमागचा थोडा दाब परत यायला वाट राहत नाही. मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर नुकताच बदलला असेल आणि चारही चाके तापत असतील, तर मधल्या पुशरॉडला (जोर मास्टर सिलिंडरकडे नेणाऱ्या दांड्याला) मोकळीक ठेवलेली नाही हे जवळजवळ नक्की समजावे.

ड्रम उघडायचा म्हटले की अनेक ठिकाणी हातोडा बाहेर येतो. हँडब्रेक सोडलेला असूनही ड्रम निघत नसेल, तर बऱ्याच ड्रमांवर आटे पाडलेली दोन भोके असतात, त्यांत साधारणपणे ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेले की ड्रम आपोआप बाहेर येतो. आत व्हील सिलिंडरचा रबरी बूट उचलून पाहावा; खाली ओल दिसली की किट बदलण्याची वेळ आली. ऑइलने भिजलेले शू पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवू नयेत, तापल्यावर ते ऑइल पुन्हा वर येते. आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये (शूवरच्या घर्षणाच्या अस्तरात) अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसांत जाऊन बसते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती काढावी. आमच्या व्यवसायातली कितीतरी माणसे मास्कशिवाय हे काम करत आली आहेत, म्हणून जरा आग्रहाने लिहिले.


सह्यवाट

पानेवाला, ब्रेकच्या पाइपमधली हवा काढण्याचे काम घरी करता येईल का? माझ्या गाडीला एबीएस आहे.


पानेवाला

दोन माणसे, योग्य मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी आणि धीर एवढे असेल तर करता येते. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून ऑइल बाटलीत येऊ द्यायचे, आणि पेडल सोडण्याआधी निपल बंद करायचा. हा शेवटचा क्रम चुकला की बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नये. बहुतेक ठिकाणी मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत खाली नेऊ नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी वापरात येत नाही तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. वॉशर तिथपर्यंत गेले की त्यांच्या कडा फाटतात, आणि चांगली चालणारी गाडी ऑइल बदलल्यानंतर आठवड्याभरात पेडल खाली जाऊ देऊ लागते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते.

एबीएस असले तरी नुसते जुने ऑइल बदलून नवे भरणे नेहमीच्या पद्धतीने होते. हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरली असेल तर मात्र त्याचे व्हॉल्व्ह स्कॅनरने उघडझाप करून घ्यावे लागतात. तेवढ्यासाठी गाडी वर्कशॉपमध्येच न्यावी. तसेच डॉट ५ लिहिलेले ऑइल सिलिकॉनचे असते, ते आपल्या नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळू नये. डॉट ५.१ हे नाव जवळचे असले तरी ते ग्लायकॉलचेच असते.


रानवारा

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरते. सर्व्हिस सेंटरने डिस्क वाकली आहे असे सांगून दोन्ही डिस्क बदलण्याचा खर्च सांगितला आहे. लेथवर फिरवून घेतली तर चालेल का?


घाटपायथा

डिस्क खरोखर वाकलेली असण्यापेक्षा तिची जाडी जागोजागी कमीजास्त झालेली असण्याची शक्यता अधिक असते. घाट उतरून डिस्क लालबुंद तापलेली असताना सिग्नलला पेडल दाबून थांबले की पॅडमधला पदार्थ तेवढ्याच जागी डिस्कवर चिकटतो, आणि पुढे प्रत्येक फेऱ्यात तिथे धक्का बसतो. दुसरे कारण म्हणजे हबच्या (ज्याच्यावर डिस्क आणि चाक बसते त्या भागाच्या) तोंडावर साचलेला गंज, ज्याच्यामुळे नवी डिस्कही किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर पुन्हा सुरू होते. तेव्हा डिस्क फिरवा किंवा बदला, हब तारेच्या ब्रशने स्वच्छ करून घ्या आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, एकसारखे आवळायला सांगा.

फिरवायची की नाही ते डिस्कच्या कडेला किंवा आतल्या भागावर ठोकलेल्या किमान जाडीवर ठरते. फिरवून झाल्यावर डिस्क त्या आकड्याच्या वर चांगली शिल्लक राहणार असेल तरच पैसे घालावेत. पातळ डिस्क लवकर तापते. नवे पॅड टाकल्यावर पहिल्या काही दिवसांत जोराचे ब्रेक टाळून, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत असे मध्यम ब्रेक मारावेत, प्रत्येक वेळी पूर्ण न थांबता, आणि मधे हवा लागू द्यावी. पॅडची जाडी दोन-तीन मिलिमीटरवर आली की ते बदलावेत. पाठीच्या लोखंडी पत्र्याने डिस्क खरवडेपर्यंत थांबू नये.


माळरान

वडिलांपासून आमच्याकडे मालवाहतुकीचा व्यवसाय आहे, म्हणून ट्रकबद्दल लिहितो. ‘ब्रेक फेल’ अशी बातमी आली की वाचणाऱ्याला वाटते पाइप फुटला असावा. एअर ब्रेकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या) ट्रकमध्ये हवा पूर्ण गेली तर मागच्या चाकांवरचे स्प्रिंग ब्रेक उलट आपोआप लागतात. उतारावर जे होते ते बहुतेक वेळा उष्णतेमुळे होते. ड्रम तापून प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो, लायनिंगचे घर्षण उतरते, आणि ब्रेक चेंबरचा (हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याचा) दांडा आपल्या शेवटच्या टोकाला पोहोचतो. त्यापुढे टाकीत हवा कितीही असली तरी उपयोग नाही. त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकलेली असली की इंजिनाचा रोध जातो, एक्झॉस्ट ब्रेकही (धुराची वाट अडवून इंजिनाचा रोध वाढवणारा) निरुपयोगी होतो. इंजिन बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो आणि दर पंपाला टाकीतली हवा घटत जाते.

पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार याचे उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. तो उतार डोळ्यांना फारसा तीव्र वाटत नाही, आणि त्यामुळेच चालक खालचा गिअर घेत नाही. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना घ्यावा, असे जुने चालक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी घ्यावा, कारण भरलेली गाडी वेगात आल्यावर खालचा गिअर पडत नाही. देखभालीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्लॅक अॅडजस्टर, म्हणजे चेंबरचा दांडा आणि शू यांच्यातली ढिलाई काढणारा भाग. सर्व चाकांचे अॅडजस्टमेंट एकसारखे नसेल तर जी चाके पकडतात तीच तापतात आणि बाकीची नुसती फिरतात. हवेच्या टाक्यांतले पाणीही रोज सोडावे. आणि तापलेल्या ड्रमवर बादलीने पाणी ओतणाऱ्यांना कृपया कोणीतरी थांबवावे. बिडाच्या ड्रमला तडे जातात.


नेकारकाठ

मी जर्मनीत स्टुटगार्टला असतो. इथे खाजगी मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते, आणि तिच्यात प्रत्येक चाकाचा ब्रेक रोलरवर मोजतात. डावे आणि उजवे चाक यांतला फरक पडद्यावर दिसतो, त्यामुळे पानेवाला यांनी सांगितलेली जाम पिन इथे आपोआप पकडली जाते. भारतात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असल्यामुळे तोवर कोणी विचारत नाही. म्हणजे ही जबाबदारी मालकावरच येते.

इथला दुसरा शत्रू म्हणजे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ. त्याने ब्रेकचे लोखंडी पाइप बाहेरून गंजतात, विशेषतः प्लास्टिकच्या क्लिपांखाली, जिथे ओल आणि माती धरून राहते. माझे घर मालवणजवळ आहे आणि तिथल्या जुन्या गाड्यांतही मी हेच पाहिले आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी गाडी रॅम्पवर चढली की पाइपांकडे टॉर्च मारून पाहावे. पापुद्रे सुटले असतील तर वरून रंग न लावता पाइप बदलावा.


विजेरी

विजेवरच्या गाडीची एक उलटी तक्रार नोंदवतो. मोटरच गाडी मंदावते, त्यामुळे डिस्क फारशी वापरलीच जात नाही आणि पावसाळ्यात तिच्यावर गंज धरतो, पिना सुकतात. पॅड जाड आहेत म्हणून दोन-दोन वर्षे चाक उघडले जात नाही. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, पेडलने खरोखरचे जोराचे ब्रेक मारावेत, आणि ऑइल वर्षांच्या हिशेबाने बदलावेच. ते किलोमीटर मोजत नाही.


नदीकाठ

आणखी एक विचारतो. घाटात खरेच पेडल तळाला गेले तर काय करावे?


घाटपायथा

पेडल भराभर पंप करावे, कारण थोडी वाफ असेल तर दोन-तीन पंपांत काहीसा दाब मिळतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली घ्यावा. हँडब्रेक तारेवर चालतो, ऑइल उकळण्याशी त्याचा संबंध नाही; पण तो एकदम न खेचता बटण दाबून धरून हळूहळू ओढावा, नाहीतर मागची चाके जाम होऊन गाडी फिरते. ज्या गाड्यांत बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आहे त्यांच्या पुस्तिकेत चालत्या गाडीत बटण धरून ठेवण्याबद्दल काय लिहिले आहे ते आधीच वाचून ठेवावे. चावी काढू नये, स्टिअरिंग लॉक होईल. दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला यावे.


सह्यवाट

आणि पावसाळ्यात गाडी उभी करून गावी गेल्यावर मागचे ब्रेक चिकटतात, त्याचे काय?


पानेवाला

ओल्या ड्रममध्ये शू दाबलेल्या स्थितीत राहिले की गंजाने ड्रमला चिकटतात. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा दगड लावावेत. चिकटलेच असतील तर जोर लावून गाडी खेचू नये, लायनिंग शूपासून उखडून निघते. रिव्हर्स आणि पहिला असे आळीपाळीने हलकेच हलवून पाहावे. तेवढ्याने सुटले नाही तर चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने सगळीकडून ठोकावे. सुटल्यावर ड्रम एकदा उघडून आत पाहून घ्यावा, आणि हँडब्रेकची तार आपल्या आवरणात मोकळी सरकते आहे का तेही तपासावे, कारण पुष्कळदा अडकलेली असते ती तारच.